परभाषा व समाजशास्त्रे : माध्यमिक अध्यापनातील एक दुरावा

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात इंग्रजीचा तास आणि इतिहास-नागरिकशास्त्राचा तास बहुधा शेजारी शेजारी येतात. तथापि त्यांचा परस्परांशी काही संबंध असावा असे दिसत नाही. पहिल्या तासाला व्याकरण व उतारा, दुसऱ्या तासाला घटना व सनावळी. इतिहासातील घटना आपल्यापर्यंत कोणत्या ना कोणत्या भाषेतील शब्दांनीच पोहोचतात, हे दोन्हीकडे अनुक्तच राहते.

मराठवाड्यात या दुराव्याला पूर्वपीठिका आहे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे उर्दू हे माध्यम व इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. इतिहासादी विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही अनेक वर्षे औरंगाबादेतच होते. भारतीय भाषेतून उच्च ज्ञान देण्याचा तो प्रयोग थोर होता, यात संशय नाही. परंतु मराठी मुलाच्या दृष्टीने उर्दू हीदेखील शिकून घ्यावयाची भाषा होती. म्हणजे इतिहास एका परक्या भाषेतून व इंग्रजी ही त्याहून परकी, असा दुहेरी भार त्याच्यावर पडे.

१९४८ नंतर मराठी माध्यम रूढ झाले, १९५८ मध्ये येथे मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि तो अन्याय दूर झाला. मात्र माध्यमाचा प्रश्न सुटला की भाषेचा प्रश्नही सुटला, ही समजूत तशीच राहिली. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. सेमी-इंग्रजी वर्गांत गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास-भूगोल मराठीतून, अशी वाटणी असते. इंग्रजी सूत्रे व प्रमेये यांसाठी, मराठी गतकाळासाठी, असा निवाडा तीत न बोलता दिला जातो. परिणामी समाजाविषयी इंग्रजीत वाचण्याची सवय विद्यार्थ्याला दहावीपर्यंत लागत नाही. पुढे कायदा, प्रशासन वा संशोधन यांकडे वळल्यावर मात्र तीच त्याच्याकडून अपेक्षिली जाते.

स्थानिक उदाहरण घ्यावयाचे तर १७ सप्टेंबर १९४८ या दिवसाइतके बोलके दुसरे नाही. चार दिवसांपूर्वी सुरू झालेली भारतीय सैन्याची मोहीम त्या दिवशी निजामाच्या शरणागतीने संपली. सरकारी इंग्रजीत तिला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले गेले. मराठीत तो ‘मुक्तिसंग्राम दिन’ झाला. उर्दू लेखनात त्याच घटनेला ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव, असे म्हणतात. पहिला शब्द सैन्याच्या चढाईला अंतर्गत बंदोबस्ताचे रूप देतो, दुसरा प्रजेच्या लढ्याकडे पाहतो, तिसरा राज्याच्या अंताकडे. छत्रपती संभाजीनगरात मराठी व उर्दू या दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. तेथील पाठ्यपुस्तके एकाच अभ्यासक्रमाची असतात. परंतु घरी व मोहल्ल्यात कानांवर येणारा शब्द निराळा असू शकतो. हे तीन शब्द फळ्यावर शेजारी लिहिले, तर भाषेचा व इतिहासाचा पाठ एकाच वेळी होतो. कोणता शब्द यथार्थ, याचा वाद वर्गात खुशाल व्हावा. मात्र तो पुराव्याने व्हावा.

दौलताबादच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. चौदाव्या शतकात इब्न बतूता तेथे येऊन गेला; त्याच्या अरबी प्रवासवर्णनाचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. त्यातील दहा ओळी नववीच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीत वाचाव्या, त्यांचा आशय मराठीत लिहावा आणि मग किल्ल्यावर जाऊन तो पडताळावा.

परीक्षेचा रेटा, वेळेची टंचाई व मुलांची तोकडी इंग्रजी, हे आक्षेप खोटे नव्हेत. परंतु त्यांचे उत्तर दहा ओळींच्या मर्यादेतच आहे. संपूर्ण विषयाचे माध्यम बदलण्याची येथे गरज नाही. दोन शिक्षकांनी महिन्याकाठी एक तास एकत्र घेणे पुरेसे आहे. ज्या विद्यार्थ्याला घटनेचे एकच नाव ठाऊक असते, तो त्या नावालाच घटना समजतो, आणि निराळे नाव घेणारा शेजारी त्याला खोटे बोलणारा वाटतो. अनेक भाषा नांदणाऱ्या या शहरात परभाषेच्या अध्यापनाचे पहिले प्रयोजन हा गैरसमज दूर करणे हेच असावयास हवे.