निंबोळीचे मोल : वनस्पतिजन्य रसायनांच्या बाजारपेठेतील ‘भागीदारी’ची चिकित्सा

प्रस्तावना

वनस्पतींपासून मिळणारी नवी रसायने प्रयोगशाळेतून बाजारपेठेपर्यंत न्यावयाची असतील, तर संशोधन संस्था आणि उद्योग यांनी परस्परांशी भागीदारी केली पाहिजे, हे सूत्र आज जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. विद्यापीठांच्या धोरणांतून, शासकीय योजनांतून आणि परिसंवादांतील बीजभाषणांतून ते वारंवार मांडले जाते. हे सूत्र मुळात चुकीचे नाही. परंतु भागीदारी हा शब्द उच्चारला की भागीदार कोण, प्रत्येकाने काय आणले आणि प्रत्येकाच्या वाट्याला काय आले, हे तीन प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत लेखात कडुनिंब व त्यापासून मिळणारे अॅझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य यांच्या आधारे या प्रश्नांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयासाठी वऱ्हाडाबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. अमरावती-यवतमाळ मार्गावरील नांदगाव खंडेश्वर तालुका हा कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा कोरडवाहू प्रदेश. येथील बांधांवर, गावठाणात आणि देवळांच्या आवारात कडुनिंब आपोआप वाढतो. त्याची निंबोळी मृगाच्या आगेमागे जमिनीवर पडते. या निंबोळीपासून तयार होणारे द्रव्य जागतिक बाजारपेठेत विकले जाते. मग निंबोळी वेचणाऱ्या हाताला या बाजारपेठेत कोणते स्थान आहे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

रसायनाचा प्रवास

कडुनिंबाचे कीडरोधक गुण भारतीय शेतकऱ्यास परंपरेने ज्ञात होते. आधुनिक विज्ञानाने त्यांची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीने सर्व हिरवळ फस्त केल्यानंतरही कडुनिंबाची झाडे शाबूत राहिल्याचे पाहिले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे द्रावण पिकांवर फवारून टोळांपासून संरक्षण मिळते, हे दाखवून दिले. १९६८ मध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून अॅझाडिरॅक्टिन वेगळे केले. त्याची रचना निश्चितपणे उलगडण्यास १९८५ साल उजाडले.

याच रेणूची प्रयोगशाळेतील संपूर्ण निर्मिती केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने २००७ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी बावीस वर्षे लागली आणि हाती आलेले उत्पादन अत्यल्प होते. वैज्ञानिकदृष्ट्या ही कामगिरी असामान्यच आहे. व्यापारी दृष्टीने मात्र तिचा अर्थ वेगळा होतो. हे रसायन परवडेल अशा रीतीने तयार करणारा कारखाना आजही झाडच आहे. म्हणजेच या उद्योगात निंबोळी वेचणारी व्यक्ती अपरिहार्य आहे. अर्थशास्त्राच्या सामान्य नियमानुसार जो अपरिहार्य असतो त्याची सौदाशक्ती मोठी असावयास हवी. प्रत्यक्षात तसे घडलेले दिसत नाही.

येथे उद्योगाचे योगदान नाकारणे अन्यायाचे ठरेल. अॅझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर विघटित होते. ते टिकाऊ करणे, त्याचे प्रमाण निश्चित ठेवणे, सुरक्षिततेच्या चाचण्या करून कीटकनाशके अधिनियम १९६८ अन्वये नोंदणी मिळविणे, ही कामे खर्चाची आणि कौशल्याची आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासह राज्यातील कृषी यंत्रणा पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस करीत आली आहे. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, साबणाचे पाणी मिसळून शंभर लिटर द्रावण करावयाचे, ही कृती शेतकऱ्यास मुखोद्गत आहे. तथापि अशा अर्काची तीव्रता प्रत्येक वेळी बदलते आणि तो साठविता येत नाही. तेव्हा ‘घरचे तेवढे चांगले आणि कंपनीचे तेवढे वाईट’ ही भूमिका भावनिक आहे, शास्त्रीय नव्हे.

पेटंटचा लढा : साक्षीदार की भागीदार?

कडुनिंबाच्या व्यापारीकरणाची कथा सांगताना पेटंटच्या लढ्याचा उल्लेख अटळ ठरतो. अमेरिकेचा कृषी विभाग आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाच्या साहाय्याने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीसाठी १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले. शासकीय संशोधन आणि खासगी उद्योग यांच्या भागीदारीचा हा नमुनाच होता. वंदना शिवा, माग्दा अलवूत आणि सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्यास १९९५ मध्ये आव्हान दिले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

या प्रकरणातील एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातून गेला होता. पुण्याचे उद्योजक अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर, शेतकऱ्यांच्या उपस्थितीत, कडुनिंबाच्या तेलाच्या चाचण्या घेतल्याची साक्ष युरोपीय पेटंट कार्यालयापुढे दिली. म्युनिकमधील सुनावणीत मराठी मुलुखातील शेताचा बांध अशा रीतीने पुराव्यात आला, ही अभिमानाची बाब आहे.

परंतु समीक्षकाने अभिमानापाशी थांबून चालत नाही. या निकालाने एका परकीय कंपनीची मक्तेदारी रोखली. मात्र निंबोळी वेचणाऱ्यास वाटा देण्याचे काम त्याने केले नाही, आणि पेटंट कायद्याचे ते कामही नव्हे. चाचण्या पाहणारा शेतकरी या प्रकरणात साक्षीदार ठरला, भागीदार नव्हे. आपल्याकडील चर्चा मात्र बराच काळ हळद आणि कडुनिंब यांच्या पेटंटविजयातच रमली. ‘आमचे ज्ञान कोणी चोरू नये’ हा आग्रह रास्त आहे. पण ‘आमच्या श्रमाचे मोल कोण ठरवितो’ हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

टॅक्सॉलचा धडा

भागीदारीत जो पक्ष मूळ ज्ञान आणि साधन पुरवितो त्याच्या वाट्याला काय येते, हे पाहण्यासाठी टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाचे उदाहरण उपयुक्त आहे. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतील हे द्रव्य शोधणाऱ्या दोघा प्रमुख शास्त्रज्ञांपैकी मनसुख वाणी हे नंदुरबारचे. मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी या द्रव्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीशी सहकार्याचा करार केला आणि डिसेंबर १९९२ मध्ये औषधास मान्यता मिळाली. करारामुळे औषध रुग्णांपर्यंत वेगाने पोहोचले, हे निर्विवाद आहे.

तथापि अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००३ मध्ये काढलेला हिशेब बोलका आहे. १९९३ ते २००२ या काळात औषधाची जागतिक विक्री सुमारे ९०० कोटी डॉलर झाली. शासकीय संशोधन यंत्रणेस मिळालेले स्वामित्वधन सुमारे साडेतीन कोटी डॉलर होते. विक्रीवर अर्धा टक्का हा ठरलेला दर होता. बलाढ्य शासनसंस्था वाटाघाटीस बसली असता तिच्या पदरात अर्धा टक्का पडत असेल, तर ज्याला वाटाघाटीच्या बैठकीस कोणी बोलावतच नाही, त्याच्या स्थितीविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

कायद्याची मर्यादा

भारताने जैविक विविधता अधिनियम २००२ द्वारे लाभवाटपाचे तत्त्व स्वीकारले. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसी प्रकरणात भारतीय कंपन्यांनाही हे दायित्व लागू असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन काही घटकांना सवलती मिळाल्या. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कंपन्यांना उलाढालीच्या आधारे लाभवाटप करण्याचा पर्याय दिला होता. त्यातील सर्वोच्च दर, तीन कोटी रुपयांवरील वार्षिक विक्रीसाठी, अर्धा टक्का इतकाच होता. टॅक्सॉलच्या करारातील दराशी त्याचे साम्य योगायोगाचे असेल. परंतु कच्चा माल व पारंपरिक ज्ञान यांचे मोल कोणत्या पातळीवर आकारले जाते, हे त्यातून स्पष्ट होते.

शिवाय हा लाभ मंडळे आणि समित्या यांच्यामार्फत झिरपत जातो. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ नागपुरास आहे, गावोगावी समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्याही आहेत. पण बांधावरची निंबोळी वेचणारी स्त्री ‘लाभार्थी’ म्हणून ओळखली जावी, अशी साखळी सिद्ध करणे अवघड आहे. कडुनिंब सर्वत्र आहे; म्हणूनच त्यावर विशिष्ट कोणाचा हक्क दाखविता येत नाही.

मापाचा प्रश्न

मग उपाय कोठे शोधावा? प्रस्तुत लेखकाच्या मते तो लाभवाटपापेक्षा खरेदीच्या मापात शोधावा लागेल. बाजारात अॅझाडिरॅक्टिन विकले जाते ते ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम अशा प्रमाणावर. बाटलीवरील आकडा वाढला की किंमत वाढते. निंबोळी मात्र सर्वसाधारणपणे वजनावर घेतली जाते. विक्रीला एक माप आणि खरेदीला दुसरे, या विसंगतीतच भागीदारीचे खरे स्वरूप दडलेले आहे.

निंबोळीच्या गरातील अॅझाडिरॅक्टिनचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहून कमी असते आणि ते झाड, प्रदेश व हाताळणी यांनुसार बदलते. उदाहरणादाखल, एकीच्या मालात हजारी दोन भाग आणि दुसरीच्या मालात हजारी चार भाग द्रव्य असेल, तर दुसरीच्या मालातून दुप्पट उत्पादन निघू शकते. वजनावर मात्र दोघींना एकच भाव मिळतो. जी निंबोळी वेळेवर वेचते, गर धुऊन काढते, बिया सावलीत वाळविते आणि बुरशी लागू देत नाही, तिच्या कौशल्याची नोंदच होत नाही. त्यातच हा हंगाम पेरणीच्या धांदलीत येतो. शेतमजुरीचा रोज बुडवून निंबोळी वेचावयाची आणि ओलसर मालासह मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याच्या काट्यावर न्यावयाची, हे गणित कोणालाही परवडणारे नाही.

गुणवत्तेवर भाव देणे ही अपूर्व कल्पना नव्हे. दुधाला फॅटवर भाव मिळतो. उसाचा दर साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. कापसाची प्रत धाग्याच्या लांबीवर आणि ओलाव्यावर ठरते, हे वऱ्हाडातील प्रत्येक कास्तकार जाणतो. मग निंबोळीच तेवढी केवळ वजनाची का राहावी? गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्स या कंपनीने २०१५ नंतर, युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाल्यावर, ग्रामीण महिलांकडून निंबोळी खरेदीचा मोठा उपक्रम उभारला. संघटित खरेदी शक्य आहे, हे त्यावरून दिसते. तिला द्रव्यप्रमाणाच्या तपासणीची जोड मिळाली पाहिजे. या ठिकाणी कृषी विद्यापीठ आणि ग्रामीण महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभाग यांना निश्चित भूमिका आहे. गावातील बचत गटांच्या मालाचा नमुना तपासून निष्पक्ष प्रमाणपत्र देणे, हे शोधनिबंधाइतकेच मोलाचे संशोधनकार्य ठरेल.

समारोप

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कडुनिंब हे त्या दुर्घटनेचे सरळ उत्तर आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अॅझाडिरॅक्टिन किडीला तत्काळ मारत नाही. ते तिची भूक मोडते आणि कात टाकण्याच्या क्रियेत व्यत्यय आणते. मात्र तीव्र विषांवरील अवलंबन कमी करावयाचे असेल, तर अशा द्रव्यांचा भरवशाचा पुरवठा हवा, आणि वेचणारीस परवडल्याशिवाय तो होणार नाही. म्हणून तिला न्याय देणे हा केवळ दातृत्वाचा विषय नसून उद्योगाच्याही हिताचा आहे.

संशोधन संस्था आणि उद्योग यांच्या करारांवर दोन सह्या असतात. तिसरी सही कोठे करावयाची, हे ज्या दिवशी करारात लिहिले जाईल, त्या दिवशी भागीदारी हा शब्द सार्थ होईल. तोपर्यंत नांदगावच्या बांधावरील निंबोळी जगाच्या बाजारात पोहोचत राहील. ती वेचणारी मात्र व्यापाऱ्याच्या काट्यापाशीच थांबलेली असेल.