खऱ्या वेदीपुढचा 'तोस्का'

जाकोमो पुच्चिनी यांच्या 'तोस्का' या शोकान्त ऑपेराचा पहिला प्रयोग १४ जानेवारी १९०० रोजी रोमच्या कोस्तांझी नाट्यगृहात झाला. त्यानंतर जगभर त्याचे असंख्य प्रयोग झाले. परंतु ११ व १२ जुलै १९९२ या दोन दिवसांत रोममध्ये झालेला प्रयोग त्या सर्वांहून निराळा होय. संहितेत ज्या तीन वास्तू सांगितल्या आहेत त्याच वास्तूंत आणि सांगितलेल्या प्रहरीच तो सादर झाला. पहिला अंक भर दुपारी सांत आन्द्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये, दुसरा रात्री फार्नेझे राजवाड्यात आणि तिसरा दुसऱ्या दिवशी पहाटे सांत आंजेलो किल्ल्यावर. शंभरहून अधिक देशांत दूरचित्रवाणीवरून तो पोहोचला. त्याचे चित्रमुद्रण आजही पाहावयास मिळते.

ज्यांना कथानक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ १८०० सालच्या जूनचा. चित्रकार काव्हारादोस्सी चर्चमध्ये मरिया माग्दालेनेचे चित्र रंगवीत असता तुरुंगातून पळालेल्या एका राजकीय कैद्याला आसरा देतो. पोलीसप्रमुख स्कार्पिया त्याला पकडून त्याचा छळ करवितो आणि त्याच्या प्राणांच्या मोबदल्यात त्याची प्रेयसी, गायिका तोस्का, हिचे शील मागतो. ती स्कार्पियाला ठार करते. परंतु लुटुपुटीचा म्हणून ठरलेला गोळीबार खरा ठरतो आणि प्रियकराचे प्रेत पाहून ती तटावरून उडी घेते.

चर्चमध्ये कपट, राजवाड्यात वासना, शेवटी आत्महत्या! असे नाटक श्रद्धावंताने का पाहावे, असा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जाणे स्वाभाविक आहे. माझ्या मते 'तोस्का' हे प्रार्थनेविषयीचे नाटक आहे आणि या प्रयोगाने ते जितके उघड केले तितके रंगविलेल्या पडद्यांपुढे क्वचितच होते.

पुच्चिनींचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या लुक्का शहराच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजविणाऱ्यांचे. उपासनेतील संगीत त्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेले होते. तरीही पहिल्या अंकाच्या शेवटचे 'ते देऊम' रचताना त्यांनी पानिकेल्ली नावाच्या धर्मगुरू मित्राला पत्रे लिहून रोमच्या चर्चमध्ये ते कोणत्या चालीवर गातात याची चौकशी केली. सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा स्वर नेमका कोणता, हेही विचारून घेतले. एवढी खातरजमा कशासाठी? तर त्या पवित्र गीताच्या पोटात स्कार्पियाचे पाप ठेवण्यासाठी. घंटांचे दोन स्वर एकसारखे आंदोलत असतात, तोफा दणाणतात, मिरवणूक वेदीकडे सरकते, आणि तो माणूस तोस्काला कसे जाळ्यात ओढावे याचा बेत आखीत असतो. मग भानावर येऊन तोही सर्वांबरोबर देवाची स्तुती गाऊ लागतो. यात आणखी एक मेख आहे. नेपोलियनचा पराभव झाला म्हणून हे उपकारस्तवन चालले आहे, पण ती वार्ता मुळातच खोटी! मारेंगोच्या लढाईत नेपोलियनच विजयी झाल्याचे दुसऱ्या अंकात कळते.

रुज्जेरो राइमोंदी यांचा स्कार्पिया हा या प्रयोगाचा कणा आहे. मूळ भूमिका बॅरिटोनची. राइमोंदींचा आवाज त्याहून खर्जातला, त्यामुळे वरच्या स्वरांत थोडी ओढाताण जाणवते. नाट्यगृहात समूहगान, ऑर्गन आणि तोफा यांच्या कल्लोळात स्कार्पिया बहुधा बुडून जातो. येथे अंगावरच्या ध्वनिग्राहकामुळे त्याचे पुटपुटणेही ऐकू येते. ते चेहरा वेडावाकडा करून दुष्टपणा दाखवीत नाहीत. चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारा प्रतिष्ठित गृहस्थ दिसावा तसे ते दिसतात; भीती वाटते ती त्याचीच.

त्याच ध्वनिग्राहकाने कॅथरीन मालफितानो यांच्या तोस्काला मात्र झाकून घेतले नाही. त्यांचा स्वर उंचावर कंप पावतो, कधी टोकदार होतो. केवळ नादमाधुर्य हवे असणाऱ्याने मारिया कालास किंवा लिओन्टाइन प्राइस यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. पण 'व्हिस्सी दार्ते' या गीतात तोस्का देवाला जाब विचारते, की मी कलेची आणि प्रेमाची सेवा केली, वेदीवर फुले वाहिली, मग हे फळ का? तेव्हा मालफितानोंचा तो चिरकता स्वरच खरा वाटतो. ईयोबाने तरी गोड गळ्याने तक्रार केली होती काय? आणि गीत संपल्यावर टाळी नाही. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला 'वन्समोअर'ची सवय. येथे समोर प्रेक्षकच नाहीत, उरते ती राजवाड्यातली शांतता. पुढे ती प्रेताच्या दोन्ही बाजूंस मेणबत्त्या ठेवते आणि छातीवर क्रूस ठेवते, तेव्हा तर गाणेही नाही, फक्त वाद्यवृंद.

तो वाद्यवृंद जागेवर नव्हताच! आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता रोममध्येच, परंतु गायकांपासून दूर असलेल्या सभागृहातून संचालन करीत होते आणि गायक पडद्यांवर त्यांचे हात पाहून गात होते. तबलजी एका गावी आणि गवई दुसऱ्या गावी, असा हा प्रकार. तरीही लय सुटत नाही. काही ठिकाणी मेहता गायकाला श्वास घेऊ देण्याऐवजी पुढे रेटतात असे मला वाटले; कदाचित अंतराचाच तो परिणाम असेल.

प्लासिदो दोमिंगो यांनी १९७६ सालच्या चित्रपटातही खऱ्या स्थळी काव्हारादोस्सी साकारला होता, पण तेथे गाणे आधी मुद्रित केलेले होते. १९९२ चे दोमिंगो वयाने पोक्त दिसतात. प्रेमगीतात ते जाणवते, मरणाच्या गीतात खपून जाते.

तिसऱ्या अंकात मात्र खरेपणाचा हट्ट अंगाशी येतो. संहितेला चांदणे आणि मग फिकट पहाट हवी. जुलैत सहा वाजता रोममध्ये सूर्य उगवलेला असतो. गायक ताऱ्यांविषयी गातो आणि आपण उजेड पाहतो. रंगमंचावरचा खोटा अंधार येथे अधिक खरा ठरला असता.

उडी घेताना तोस्का प्रियकराचे नाव घेत नाही, ती स्कार्पियाला देवासमोर हजर होण्याचे आव्हान देते. निराश होऊन मरणारी बाई न्यायासनाची आठवण करीत मरत नाही. योगायोगाने त्याच १९९२ साली रोमने कॅथोलिक धर्मशिक्षणाचा नवा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःचा जीव घेणाऱ्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे तो सांगतो. मालफितानोंच्या शेवटच्या आरोळीत मला भीतीपेक्षा घाई अधिक ऐकू आली, कुणाच्या तरी आधी पोहोचण्याची.