एका अक्षराची चूक

रशियन भाषेत लाल म्हणजे 'क्रास्नाया'. टाइप करताना मधला एक स्वर चुकला आणि 'लाल सेने'ची 'उंदरांची सेना' झाली. लिदिया चुकोव्हस्काया यांच्या 'सोफिया पेत्रोव्हना' या लघुकादंबरीतल्या नताशाची नोकरी एवढ्या एका चुकीपायी जाते आणि पुढे ती जीव देते. लेनिनग्राडच्या प्रकाशनसंस्थेतला टायपिंग विभाग, भिंतीवर चिकटवलेले वार्तापत्र, कचेरीतल्या सभा आणि त्या सभेत सगळ्यांच्या आधी कोण बोलते, कोण खाली मान घालून बसते, हेच या कादंबरीचे रणांगण. न्यायालय, फिर्यादी वकील, आरोपीचे बाणेदार भाषण यांतले तिच्यात काहीच नाही.

राजकीय भीतीवरच्या साहित्याचा विषय निघाला की पहिले नाव मात्र आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' या नाटकाचे घेतले जाते, आणि त्याला कारणही आहे. नाटकाचा विषय असा: 1692 साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये चेटुकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारले गेले. ज्यांनी 'होय, आम्ही चेटूक केले' असे कबूल केले, ते बहुतेक वाचले. जे नाकारत राहिले, ते लटकले. अमेरिकेतल्या कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेचे यंत्रही याच तत्त्वावर चालते, हे मिलरने ओळखले. चौकशी समितीसमोर जाऊन जुन्या सोबत्यांची नावे घेतली की माणूस शुद्ध होई. ती नावे समितीकडे बहुधा आधीच असत. तिला माहिती नकोच होती, प्रायश्चित्त हवे होते. (या काळाला मॅकार्थीचे नाव चिकटले खरे, पण मॅकार्थी सिनेटर होता आणि लेखक-कलावंतांना मुख्यतः बोलावणारी समिती प्रतिनिधीगृहाची होती. बदनामीतही नावावर खपणारी माणसे असतात.)

मिलरचा सगळ्यात जवळचा दिग्दर्शक एलिया कझान याने 1952 च्या एप्रिलमध्ये अशीच नावे घेतली. त्याच सुमारास मिलर सेलमला जाऊन खटल्यांची कागदपत्रे वाचत होता. जानेवारी 1953 मध्ये नाटक ब्रॉडवेवर आले. 1954 मध्ये ब्रसेल्सच्या प्रयोगाला जाण्यासाठी त्याला पासपोर्ट नाकारण्यात आला. 1956 मध्ये समितीने त्यालाच उभे केले तेव्हा त्याने नावे सांगितली नाहीत. शिक्षा झाली, ती 1958 मध्ये वरच्या न्यायालयात रद्द झाली. नाटककाराने लिहिलेला प्रसंग नाटककारावरच गुदरावा, असे क्वचित घडते.

या योगायोगाच्या तेजामुळे नाटकातली एक खोट दिसेनाशी होते. कागदपत्रांतली आरोप करणारी अ‍ॅबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची पोर आहे आणि नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर साठीचा शेतकरी. मिलरने तिला सतरा वर्षांची केले, त्याला तरणा केले आणि दोघांत भानगड घातली. नाटककाराला एवढी मुभा असतेच. पण त्यामुळे गावाला लागलेल्या वेडाच्या मुळाशी एका मुलीचा मत्सर येऊन बसतो. जमिनीची भांडणे, धर्मगुरूंची धास्ती, शेजाऱ्यांचे जुने हिशेब हे सगळे नाटकात आहे, पण कडेला. शिवाय शेवटी फाशीकडे ताठ चालत जाणारा नायक आहे. प्रेक्षक त्याच्याबरोबर चालतो आणि हलका होऊन घरी जातो. आपण त्या गावात असतो तर नक्की कोणत्या बाकावर बसलो असतो, हा प्रश्न त्याला फारसा टोचत नाही.

सेलमच्या कहाणीतल्या टिटुबाकडे तर साहित्याचे लक्ष उशिराच गेले. कबुली देऊन खटल्यांच्या सत्राला तोंड फोडणारी ही गुलाम स्त्री. जुन्या कागदांत तिला 'इंडियन' म्हटले आहे. ती फाशीतून वाचली, पण तुरुंगातच अडकली, कारण तिथल्या खाण्यापिण्याचा खर्च कैद्याच्याच माथी असे आणि तिचा खर्च भरायला कोणी नव्हते. ग्वादलूपच्या मारीज काँदे यांनी 1986 मध्ये कादंबरीतून तिला स्वतःचा आवाज दिला आणि तिला कृष्णवर्णीय केले. हेही कल्पितच, पण मिलरच्या कल्पितापेक्षा वेगळ्या टोकाचे.

चुकोव्हस्काया यांना असे दूरचे शतक शोधावे लागले नाही. त्यांचे पती, भौतिकशास्त्रज्ञ मात्वेय ब्रॉन्स्टाइन यांना फेब्रुवारी 1938 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. चुकोव्हस्काया यांना सांगण्यात आले ते असे: दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराला बंदी. 1939-40 च्या हिवाळ्यात त्यांनी शाळेच्या वहीत ही कादंबरी लिहिली. जुलूम चालू असताना, त्याच शहरात. वही सापडली असती तर दुसरा पुरावा लागला नसता. कवयित्री अ‍ॅना अख्मातोव्हा त्याच दिवसांत 'रेक्विएम'च्या ओळी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्यांना दाखवत, त्या पाठ झाल्या की चिटोरा राखपात्रात जाळत आणि भिंतींना कान असल्यामुळे तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चालू ठेवत. ती कविता देशात छापून यायला 1987 उजाडले. 'सोफिया पेत्रोव्हना'ला 1988. मध्ये 1960 च्या दशकात एका सरकारी प्रकाशनाने कादंबरी स्वीकारून ऐनवेळी नाकारली, तेव्हा चुकोव्हस्काया यांनी चक्क दावा लावला आणि जिंकला. मानधन मिळाले, पुस्तक निघाले नाही.

कादंबरीची नायिका सोफिया ही बंडखोर नाहीच. सरकारवर तिचा पुरता विश्वास आहे. मुलगा कोल्या पकडला गेल्यावर ती तुरुंगाबाहेरच्या रांगेत उभी राहते आणि आजूबाजूच्या बायकांकडे तिरस्काराने पाहते: या खऱ्या गुन्हेगारांच्या आया-बायका, आपल्या बाबतीत तेवढी चूक झाली आहे. त्या रांगेतली प्रत्येक बाई हेच मनात म्हणत असणार, हे लेखिका कुठेही उच्चारत नाही. शेवटी मुलाचे पत्र येते, चौकशीत मार खाल्ल्याचे. सोफिया काडी ओढते आणि पत्र जाळते. मिलरच्या नाटकातल्या सगळ्या गर्दीपेक्षा ही एक काडी भीतीबद्दल अधिक सांगते.

मराठीत या अंगाने पाहिले तर आणीबाणीच्या साहित्याचे पारडे एका बाजूला झुकलेले दिसते. 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, पुढे तुरुंगात गेल्या. विनय हर्डीकरांचे 'जनांचा प्रवाहो चालिला' आले. ही सगळी 'नाही' म्हणणाऱ्यांची नोंद, आणि ती मोलाची आहे. पण मजकुरावर शिक्का मारणारा कारकून, अटक झालेल्या शेजाऱ्याच्या दारावरून मान खाली घालून जाणारा मास्तर, ही माणसे मराठी कथा-कादंबरीत ठळकपणे आली नाहीत.

त्यांना तेंडुलकरांनी आणीबाणीच्या आठ वर्षे आधीच पाहून ठेवले होते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे राजकीय नाटक म्हणून कोणी वाचत नाही, पण चेटकिणीच्या शिकारीची रचना त्यात मिलरपेक्षा नितळ आहे. हौशी नटमंडळी खेडेगावात आली आहेत, तीही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर अण्वस्त्रांबद्दलचा अभिरूप खटला चालवायला. तोवर वेळ जावा म्हणून खोटा खटला मांडतात आणि आरोपी करतात आपल्यातल्याच लीला बेणारेला. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील, रोकडे, पोंक्षे साक्षीदार. वकिली न चालणारा, शिकायचे राहून गेलेला, दुसऱ्यांच्या घरी आश्रित असलेला, असे हे सगळे आयुष्याने मागे टाकलेले लोक. त्यांना वरून कोणाचा हुकूम नाही, तुरुंगाची धास्ती नाही. गर्भवती बाई समोर सापडली एवढेच पुरते. ज्याच्यामुळे ती गर्भवती आहे तो प्रोफेसर दामले आलेलाच नाही. आणि प्रॉक्टरसारखा पाठीशी उभा राहणारा कोणी नाटकात नाही.

शेवटी दार उघडते, खेळ कधी सुरू होणार म्हणून गावकरी विचारतो. मंडळी भानावर येतात, बेणारेला 'अगं, खेळच होता तो' अशी समजूत घालतात आणि मेकअपला लागतात. जॉन्सनवरचा खटला अजून बाकी असतो. गावातला साधाभोळा सामंत भाच्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट पडलेल्या बेणारेजवळ हळूच ठेवतो आणि तोही आत जातो.