पाण्याच्या वाटेने दोन पुस्तके

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही दोन पुस्तके नुकतीच लागोपाठ वाचली आणि त्यांच्यातले एक अनपेक्षित नाते उलगडत गेले. एक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले आत्मकथन, तर दुसरी १९५५ सालची कादंबरी. एकात सोवळ्याच्या धाकातून ख्रिस्ती घरात आलेल्या बाईचे आयुष्य, दुसरीत माणदेशातली धनगरांची वस्ती. वरवर पाहता काहीच साम्य नाही; पण पाण्यावर नजर ठेवून वाचू लागलो, की दोन्हींचे अंतरंग आपल्यापुढे हळूहळू खुले होते.

‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच आपल्याला लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून या गृहस्थांना सोवळ्याचे असे वेड जडले, की बाजारातला जिन्नसही धुतल्यावाचून घरात घेतला जाईना. घरातल्या लेकीबाळींचे त्यात जे हाल झाले, ते लक्ष्मीबाई अशा खेळकर सुरात सांगतात की आपल्याला हसू फुटते, आणि हसता हसताच त्या सदा ओल्या घराचा गारठा आपल्याही अंगाला झोंबतो. वडिलांवर त्या आगपाखड करत नाहीत, त्यांची कीवही करत नाहीत. माजघरात बसून आपल्याच माणसांची गोष्ट सांगावी, तसे त्यांचे आखूड, बोलते वाक्य येते आणि सांगण्यासारखे सांगून झाले की निमूट थांबते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या लेखिकेला हे थांबण्याचे भान कोठून आले असेल, याचे नवल प्रत्येक पानावर वाटत राहते.

या घरात वाढलेल्या मुलीचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती त्यांच्याकडे येते, पण आपले अन्नपाणी वेगळे राखते. पतीसाठी जीव तुटतो आणि त्याच्याच हातचे पाणी मात्र चालत नाही! पुढे विचार करता करता तिच्या मनाला पटते, की माणसांमाणसांतले हे भेद देवाने केलेले नव्हेत. आणि मग कोणाच्याही हातचे पाणी तिला चालू लागते. येथे क्रमाकडे अवश्य लक्ष द्यावे. तिचा बाप्तिस्मा १९०० मधला आहे. पाण्याचा निर्णय त्याआधीचा. धर्म बदलण्यापूर्वी तिने जात ओलांडली, ती स्वतःच्या बुद्धीने. एका पिढीच्या मनात झालेली ही केवढी उलथापालथ, पण लक्ष्मीबाई ती घरातल्या रोजच्या गोष्टीसारखी सांगून जातात, आणि म्हणूनच ती आपल्या अंतःकरणात खोलवर रुजते.

‘बनगरवाडी’तले पाणी आभाळातले आहे. औंध संस्थानातल्या या वाडीत राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर येतो आणि बघता बघता तिथल्या सुखदुःखाचा वाटेकरी होतो. पेरणीच्या वेळी वाडीतल्या शेकूच्या औताला बैलांची जोडी पुरी होत नाही, तेव्हा त्याची बायको जुवाखाली स्वतःचा खांदा देते. हे दृश्य आपण क्षणभर डोळ्यांसमोर धरू या. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला ती दणकट बाई. मागे नवरा, पुढे रान. माडगूळकर हळहळत नाहीत, दारिद्र्यावर भाष्य करत नाहीत. हाती कुंचला धरणाऱ्या या लेखकाने मोजक्या रेषांत ते दाखवले आहे, आणि त्या रेषांत शेतीची निकड आहे, संसाराची जिद्द आहे, त्या बाईचा अबोल मानही आहे.

मास्तरच्या पुढाकाराने सारी वाडी तालीम बांधते, खुद्द राजा तिच्या उद्घाटनाला येतो, आणि त्या दिवसाचा आनंद आपल्याही मनात मावेनासा होतो. पुढे पाऊस पाठ फिरवतो. मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते. दुष्काळाची कारणमीमांसा येथे नाही, आक्रोशही नाही. मात्र एकेका घराशी आपली ओळख इतकी मुरलेली असते, की गाव रिकामे होताना प्रत्येक उंबऱ्यापाशी आपले पाऊल अडखळते.

दोन्ही पुस्तकांची थोरवी मला याच ठिकाणी दिसते. पाण्याला प्रतीक करण्याचा मोह लक्ष्मीबाईंना झाला नाही, माडगूळकरांनाही नाही. धुण्याचे, पिण्याचे, पेरणीचे पाणी त्यांनी पाणीच राहू दिले, आणि त्याच्याभोवतीची माणसे इतकी खरी केली की अर्थ आपोआप पाझरत आला. आत्मकथनात घडून गेलेले आयुष्य एखाद्या कादंबरीइतके रेखीव उतरते. कादंबरीतले रचलेले गाव आपल्याला आठवणीइतके विश्वासाचे वाटते. क्रमिक पुस्तकांतल्या उताऱ्यांमुळे आपल्यापैकी अनेकांना या दोन्ही पुस्तकांची तोंडओळख असते. तेवढ्यावर समाधान न मानता ती सलग, पाठोपाठ वाचावीत. साध्या मराठी वाक्यात किती आयुष्य मावते, हे अनुभवण्याचा याहून मोठा आनंद मला ठाऊक नाही.