मागचा डावा स्पीकर

माझा भाचा मुंबईत सिनेमाचं मिक्सिंग करतो. हे कळल्यावर आमची ही म्हणाली, "मग आपलाही मिक्सर घेऊन जा म्हणावं. नुसता आवाज करतो आणि शेवटी चटणी जाडीभरडीच." मराठी चित्रपटांच्या आवाजावर इतकी नेमकी टीका मी अजून कुठे वाचलेली नाही.

आमची पिढी डबिंगवर पोसली. नायक भर रानात उभा राहून ओरडतोय आणि आवाज कपाटात बसून बोलल्यासारखा. वारा नाही, पाखरू नाही. मोकळी जागा दिसली की भरा व्हायोलिनं! माझा जन्म मुरुमात गेला. उमरग्याच्या वाटेवर तूर पाहिली, ज्वारी पाहिली, व्हायोलिन एकदाही ऐकू आलं नाही.

दिवाळीत भाच्याने मला समोर बसवून नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' (२०१४) पुन्हा दाखवला. म्हणाला, "मामा, आज डोळे जरा कमी वापरा." डुकरामागे सगळं घर धावतंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. माणसं जागच्या जागी थिजतात. डुकराला कुठलं आलंय नागरिकशास्त्र! हसू येतं आणि घशातच अडकतं. गीत दणक्यात वाजवलं असतं तर छाती फुगली असती, खाली करुण सूर लावला असता तर रुमाल निघाला असता. दोन्ही टाळलंय. आपली लाज आपणच निस्तरायची.

'ख्वाडा'ला २०१४ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी. मेंढ्या माळावर आणि बें-बें स्टुडिओत, या परंपरेला तो चांगला धक्का होता. तक्रार एकच. अस्सलपणाच्या भरात हल्ली कधीकधी वाक्यच ऐकू येत नाही, आणि आम्ही एकमेकांना "काय म्हणाला?" विचारतो तोवर पुढचंही गेलेलं असतं.

मग भाच्याने स्वतःचा वीस मिनिटांचा चित्रपट काढला. मित्रांनी वर्गणी काढून केलेला. स्टुडिओचं भाडं तासावर. शेवटच्या रात्री संवाद, पावलं, वारा, संगीत सगळं जुळलं आणि गाडी अडली एका खोकल्यावर. खोकला माझ्या आईचा. आमच्या ओसरीवर भाच्याने पूर्वी कधीतरी टेप केलेला. आता आई नाही. दिग्दर्शक म्हणे, मोठा कर. सिनेमात खोकल्याचा अर्थ एकच, पुढच्या दृश्यात फोटोला हार! भाचा हटून बसला. "आजी मरायला खोकत नव्हती. मी घरात आहे, एवढं सांगायला खोकायची." दीड तासाचं भाडं त्या भांडणात गेलं. शेवटी खोकला बारीक करून मागच्या डाव्या स्पीकरात, दाराआड ठेवला.

आमच्या टीव्हीला मागचं डावं काही नाही. पुढचंच धड नाही. वर पंखा खडखडत होता, आत कुकर. तो प्रसंग आला आणि नेमकी तिसरी शिट्टी झाली. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. भाच्याचा चेहरा उतरला. दीड तासाचं भाडं आमच्या वरणभातात गेलं, असं मी म्हणणार होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "आणते हो आई, चहाच टाकतेय."

मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही.