‘पडीक’ या संज्ञेची चिकित्सा

‘पडीक’ ही मूळची शेती-महसुलाची संज्ञा; पिकाखाली नसलेली जमीन, एवढाच तिचा अर्थ. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या २००० सालच्या नकाशासंग्रहात मात्र झुडपी माळ व अवनत कुरणेही याच सदरात घातली गेली. त्यामुळे माळ म्हणजे वृक्षांवाचून ओसाड राहिलेली जागा, हा समज दृढ होतो. मग शिरोली एमआयडीसीसारख्या वसाहतीत मोकळ्या जागेवर मादागास्करचा गुलमोहर किंवा मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प लावणे हीच सुधारणा वाटू लागते. वस्तुतः पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते उन्हावर वाढणारी. दाट सावलीत ती मागे हटतात.

स्थानिक वनस्पती कोणत्या, या प्रश्नास यादव व सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (२००२) भक्कम आधार देतो. तथापि नामनिश्चिती म्हणजे पुनःस्थापना नव्हे. बी कोठून व केव्हा वेचावे, कोणत्या प्रमाणात मिसळावे, गवत कधी कापावे, हे प्रयोगांनीच ठरवावे लागेल. गौरीच्या सणातला तेरडा अंगणात वाढविणाऱ्या गृहस्थासही त्या ज्ञानाचा उपयोग होईल. परंतु माळाला ‘पडीक’ म्हणणे चालू आहे तोवर अशा प्रयोगांची निकड कोणास भासणार नाही.