कंसाचे शिर आणि करडा मास्क

संगणकावर चित्रसंपादन शिकवताना 'लेयर मास्क'बद्दल बहुधा एकच सूत्र पाठ करून घेतात: काळ्याने लपते, पांढऱ्याने दिसते. सूत्र खोटे नाही, अपुरे आहे. त्यात करड्याला जागाच नाही, आणि मास्कची खरी गंमत करड्यातच आहे.

हे समजावण्यासाठी दादासाहेब फाळके यांचे दोन मूकपट फार उपयोगी आहेत. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर जाते. अशा दृश्यांची त्या काळची रीत म्हणजे काळे कापड. काळ्या भागातून प्रकाश येत नाही, म्हणून फिल्म तेवढ्या जागी कोरी राहते. मग ती उलटी गुंडाळायची आणि कोऱ्या जागी दुसरे चित्र घ्यायचे. हा काळा-पांढरा मास्कच झाला. मात्र चुकले तर फिल्म वाया! संगणकात मूळ चित्र शाबूत राहते, मास्क हवा तितक्यांदा रंगवता येतो. खोडरबर आणि मास्क यांत हाच फरक आहे.

'कालिया मर्दन'ची (१९१९) सुरुवात मला त्याहून मोलाची वाटते. फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यापुढे निरनिराळे हावभाव करते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. इथे जणू सबंध चौकटीवर एकच करडा मास्क आहे, क्षणाक्षणाला बदलणारा. गणित सोपे आहे. मास्कची किंमत ० ते २५५. वरच्या चित्रातील ठिपक्याची उजळता २००, खालच्याची ४० असेल, तर मास्क १२८ असताना दिसणारी उजळता सुमारे १२०. मास्क ६४ असताना सुमारे ८०. फळ्यावर दहा मिनिटांत होते.

आणि फाळके काही लपवत नाहीत. आधी मुलगी दाखवतात, मग कृष्ण. त्याने चमत्कार उणा होत नाही. आज जोडचित्रे मात्र 'छायाचित्र' म्हणून बिनदिक्कत छापली जातात. त्यांना ही शिस्त लावायला हवी.

आमगावच्या मुलांना जवळच्या पदमपूरची प्राचीन शिल्पे आहेतच. सावलीतले शिल्प आणि मागे उजळ आकाश असे दृश्य मिळाले, तर कॅमेरा न हलवता दोन छायाचित्रे घ्यावीत: एक दगड नीट दिसेल असे, दुसरे आकाशासाठी. 'गिम्प' हे मोफत सॉफ्टवेअर चालेल. मास्कची कड प्रथम कडक काळी-पांढरी ठेवून पाहावी, मग करडी करावी. चित्राखाली 'दोन छायाचित्रांचे मिश्रण' असे मुलांकडूनच लिहून घ्यावे.